दुसऱ्या बाजूचा फोन

आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा एकदा मी ह्यांच्याकडे दूधवाल्याची तक्रार केली. दूध पातळ येतंय, तुम्ही काही बोलणार आहात की नाही, असं विचारलं. दुसरा कोणी नवरा असता तर हो हो म्हणून त्याने पेपर तोंडासमोर धरला असता. ह्यांनी तोंडासमोरचा पेपर खाली ठेवला, चपला घातल्या आणि दूधवाल्याकडे जाऊन विचारलं, "आपल्यावर असा असा आरोप आहे, आपलं म्हणणं काय?" दूधवाल्याने म्हशीच्या आजारपणापासून सुरुवात करून अर्धा तास म्हणणं मांडलं. ते घरी येऊन मला जसंच्या तसं ऐकवलं आणि वर म्हणाले, "आता दोन्ही बाजू झाल्या." दूध पातळच येत राहिलं.

हे तेव्हा एका सायंदैनिकात उपसंपादक होते, पुढे त्याच पेपरचे संपादक झाले. खाली छापखाना, वर कचेरी, आणि जिन्यात कायम शाईचा वास. कचेरीत ह्यांचा एकच नियम होता. कोणाविरुद्ध ओळभर जरी छापायचं असलं, तरी आधी त्या माणसाला फोन करायचा आणि त्याचं म्हणणं घ्यायचं. नवा वार्ताहर कितीही मोठी बातमी घेऊन धापा टाकत आला तरी हे मान वर न करता विचारायचे, "दुसरी बाजू घेतली का?" सकाळी फोन व्हायचा. समोरचा चिडायचा, आरडाओरडा करायचा, वकिलाची भीती घालायचा. हे सगळं शांतपणे लिहून घ्यायचे आणि दुपारच्या अंकात बातमीखाली छापून टाकायचे. त्या माणसाला आपला आरडाओरडा संध्याकाळी मंडईच्या कोपऱ्यावर विकायला आलेला दिसायचा.

पेपरात ह्यांनी कामगारांसाठी एक अख्खं पान राखून ठेवलं होतं. भोसरी, चाकण, हडपसर, कुठल्या कारखान्याच्या फाटकाबाहेर कोण कशासाठी बसलंय, ते त्या पानावर यायचं. पेपरचे मालक एक दिवस म्हणाले की तिथे फ्लॅटच्या जाहिराती जास्त शोभतील. हे म्हणाले, "पान बदलायचं असेल तर संपादकही बदला." पुण्यात अशा बाणेदार वाक्यांचं लोक फार कौतुक करतात आणि लगेच ती अमलातही आणतात. दुसऱ्या दिवशी दुपारी हे एका कापडी पिशवीत आपला चहाचा कप आणि शब्दकोश घेऊन घरी आले. मी शाळेत शिकवत होते, म्हणून चूल पेटत राहिली.

वर्षभर हे घरी होते. मग एके दिवशी युनियनची माणसं, बँकवाले, आमच्या शाळेतले शिक्षक असे सगळे मिळून आले आणि म्हणाले, विधान परिषदेची पदवीधरांची जागा लढवा. ह्यांनी नाही म्हणायच्या आत मी चहा टाकला. हा माणूस घरात बसून भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या चुका काढायला लागला होता. त्याला बाहेर पाठवणं सगळ्यांच्याच हिताचं होतं.

त्या निवडणुकीची एक गंमत सांगते. तिथे मतदार फक्त पदवीधर. मत द्यायचं तर नावापुढे आकडा लिहायचा, पहिली पसंती एक, दुसरी दोन. टिकमार्क केला की मत बाद. आता पदवीधर म्हणजे शिकलेली माणसं, त्यात पुण्यातली, म्हणजे सूचना वाचण्याचा प्रश्नच येत नाही. मतमोजणीत बाद मतांचा हा एवढा गठ्ठा निघाला. कोणी टिक केली होती, कोणी खाली सही ठोकली होती, एकाने ह्यांच्या नावापुढे सुवाच्य अक्षरात 'हार्दिक शुभेच्छा' असं लिहिलं होतं. ह्या शुभेच्छांनी ह्यांचं एक मत कमी झालं. तरीही, ना पक्ष, ना झेंडा, ना गाड्यांचा ताफा, असा माझा नवरा दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आला. भोसरीच्या कामगारांनी त्यांना खांद्यावर घेतलं आणि एवढा गुलाल उधळला की चष्मा धुवायला मला डबाभर पाणी लागलं. घरी आल्यावर ह्यांनी पहिलं काम काय केलं असेल? हरलेल्या उमेदवाराला फोन. "निकालाबद्दल आपलं म्हणणं काय?" त्याने काय म्हणणं मांडलं ते मला ऐकू आलं नाही, पण ह्यांचे कान लाल झालेले दिसले.

आमच्या पुढच्या खोलीचं तेव्हापासून स्टेशन झालं. विश्रांतवाडीपासून धायरीपर्यंत कुठून कुठून माणसं यायची. कंत्राटी सफाई कामगारांना हातमोजे आणि बूट मिळाले ते ह्यांच्या प्रश्नामुळे. एका कारखान्याने बंद केलेली कँटीन पुन्हा सुरू झाली आणि तिथल्या पोरांनी आमच्याकडे तिथला पहिला बटाटेवडा आणून दिला. मीठ कमी होतं, पण तसं मी बोलले नाही. मला माझ्या नवऱ्याचा फार अभिमान वाटत होता.

अशात एक दिवस ती आली. पस्तिशीची असेल, सडपातळ, चापून नेसलेली साडी, बोलण्यात वऱ्हाडची झाक. मूळची वाशिमकडची, आता धायरीला राहते म्हणाली. दारातच तिने सांगितलं, "मी सरांची मतदार आहे. बी.ए. झालेली. आकडाच लिहिला होता, टिक नव्हती केली." मी तिला आत घेतलं नसतं तरच नवल.

ती मंडईजवळच्या एका मोठ्या साडीच्या दुकानात कामाला होती. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर पडेपर्यंत उभं राहायचं. गिऱ्हाईक असलं तरी उभं, नसलं तरी उभं. गिऱ्हाइकांना बसायला गाद्या, बाकं, सरबत. साड्या दाखवणाऱ्या बायकांना साधं स्टूल नाही. शेठ वरच्या मजल्यावर बसून मोबाइलवर कॅमेऱ्यात बघायचा आणि कोपऱ्यात टेकलेली कोणी दिसली की तिचा अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. हिने एकदा त्याच्याकडे स्टूल मागितलं होतं. तो म्हणाला, "दुकानात बसायचं काम माझं."

मी तिच्या पायांकडे बघितलं. चपलेच्या पट्ट्याच्या वर घोटे सुजून आले होते, पोटरीवर निळ्या शिरा गाठीगाठीने वर आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बसून काम कर, नाहीतर काम सोड. सोडणार कशी? नवऱ्याचं कंपनीतलं कंत्राट संपलेलं, मुलगी दहावीला. घर तिच्या त्या दोन पायांवर उभं होतं.

"काकू, मले दुसरं काही नको," ती म्हणाली आणि मग सावरून, "मला एक स्टूल पाहिजे फक्त. आणि माझं नाव कुठे येऊ देऊ नका."

मी जन्मभर शिक्षिका, आता निवृत्त. वर्गात उभं राहून शिकवलं, पण टेबलामागे खुर्ची होती. मी तीत बसत नव्हते ती माझी मर्जी. मर्जी असणं आणि नसणं यात केवढं अंतर आहे ते मला त्या दिवशी कळलं आणि माझं डोकंच फिरलं. मी तिला शब्द दिला. नाव येणार नाही आणि स्टूल मिळेल.

ह्यांनी लक्षवेधी सूचना लिहिली. म्हणजे आमदार एखाद्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधतो आणि मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. फार छान लिहिली होती, एक शब्द जास्तीचा नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गवार मोडत होते आणि गॅलरीतून ह्यांचा आवाज आला.

"नमस्कार. आपल्या दुकानात काम करणाऱ्या महिलांना बसू दिलं जात नाही, असं समजतं. आपलं म्हणणं काय?"

माझ्या हातातली गवार हातातच राहिली. ह्यांनी तिचं नाव घेतलं नाही, खरं आहे. पण घ्यायची गरज काय होती? त्या दुकानात स्टूल मागणारी बाई एकच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दारातूनच परत पाठवलं. तिने फोन मला केला, ह्यांना नाही. रडली वगैरे अजिबात नाही. म्हणाली, "सरांनी नाव सांगितलं का माझं?" मी म्हटलं, नाही गं. "हो, मीच एकटी मागत होते ना," एवढं म्हणाली आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मी ह्यांना जे बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. "अहो, हा पेपर आहे का तुमचा? पेपरात सकाळी फोन केलात की दुपारी बातमी छापून मोकळे. समोरच्याला हातपाय हलवायला वेळ मिळत नव्हता. इथे सूचना दिल्यापासून उत्तर येईपर्यंत दिवसच्या दिवस जातात. तोवर तो गप्प बसेल? हात दाखवून अवलक्षण करून घेतलंत. आणि तेही दुसऱ्याच्या हाताने."  हे ताटावर बसले आणि तसेच उठले.  माझा शब्द गेला होता आणि तिकडे धायरीला एक घर बसलं होतं.

मग खात्याचं लेखी उत्तर आलं. सरकारी उत्तरं कशी असतात ते ज्यांनी वाचलीत त्यांना ठाऊक आहे. 'हे खरे नाही. सदर दुकानात महिला कर्मचाऱ्यांसाठी आसनव्यवस्था उपलब्ध आहे. प्रश्न उद्भवत नाही.' सोबत फोटो. प्रत्येक काउंटरमागे एक लालभडक प्लास्टिकचं स्टूल. ह्यांचा फोन गेल्यावर शेठने घाईघाईने ती आणली होती. तिच्या मैत्रिणींनी कळवलं की फोटो काढून झाल्यापासून स्टुलांवर साड्यांचे खोके आहेत आणि बायका आहेत तिथेच आहेत, उभ्या.

हे जेवणाच्या टेबलावर तो कागद समोर ठेवून बसले होते. मी वाचला आणि माझा पुन्हा भडका उडाला. "वा. फारच छान. आता शेठजींचं सभागृहात अभिनंदनच करा तुम्ही. शाल आणि नारळ मी देते घरातून."

हे माझ्याकडे बघायला लागले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. संपादक असताना मथळा सुचला की हे असंच करायचे. म्हणाले, "तू हे मनापासून म्हणालीस का?"

"टोमणा मारला मी."

"असू दे. चांगला आहे." आणि त्यांनी फोन उचलला.

मी हात धरणार होते. पण त्यांनी खुणेने मला शेजारी बसवलं आणि स्पीकर लावला. "नमस्कार. आपण स्टुलं ठेवलीत असं सरकार म्हणतंय. खरं का?" शेठ म्हणाला, "शंभर टक्के खरं, साहेब." "बायका बसतात?" "बसतात ना. आमच्याकडे सगळ्या घरच्यासारख्या." "धंद्यावर काही परिणाम?" "काहीच नाही. उलट बसून साडी दाखवली की गिऱ्हाईक निवांत बघतं." "हे आपलं म्हणणं मी सभागृहात सांगितलं तर चालेल?" "अवश्य सांगा, साहेब. दुकानाचं नाव घेतलंत तरी चालेल." फोन ठेवून ह्यांनी प्रत्येक शब्द लिहून काढला. मी त्यांना वाढायला घेतलं आणि तूप जरा सढळ घातलं.

लक्षवेधी लागली त्या दिवशी मी मुंबईला गेले. ह्यांनी मला प्रेक्षक गॅलरीचा पास काढून दिला होता. तिथे फोन बाहेर ठेवायचा, कठड्यावर हात ठेवायचा नाही, बोलायचं नाही, पाय हलवायचा नाही. इतकी शिस्त मी माझ्या वर्गातही लावली नव्हती. मंत्र्यांनी उठून उत्तर वाचलं. हे खरे नाही, आसनव्यवस्था आहे, प्रश्न उद्भवत नाही. ह्यांचं नाव पुकारलं गेलं. हे उभे राहिले आणि म्हणाले, "सभापती महोदय, मंत्री महोदयांचं उत्तर मला पूर्ण मान्य आहे."

खाली हशा पिकला. मला वाटलं, झालं, घोडं इथेच पेंड खाणार.

"मी स्वतः त्या व्यापाऱ्यांशी बोललो," हे पुढे म्हणाले. "ते म्हणतात, बायका बसतात. ते म्हणतात, बसल्यामुळे धंद्याचं नुकसान नाही, उलट फायदा आहे. मी या सभागृहात त्यांचं अभिनंदन करतो. माझा एवढाच प्रश्न आहे. पुण्यातला एक व्यापारी जे आठवड्याभरात करू शकला, ते राज्यातल्या प्रत्येक दुकानात करायला सरकारला काय अडचण आहे? आणि असं आदर्श दुकान खात्याचे अधिकारी अधूनमधून जाऊन बघतील का, म्हणजे इतरांना शिकता येईल?"

हशा थांबला. मंत्री मागे अधिकाऱ्यांकडे वळले. अधिकारी कागदांकडे वळले. अडचण आहे म्हणावं, तर आत्ताच वाचलेलं स्वतःचं उत्तर खोटं पडतं. इकडच्या बाकावरून एक सदस्य उठले, मग तिकडच्या बाकावरून दोघे. एक जण म्हणाले, माझी बहीण अशाच दुकानात आहे. सभापती म्हणाले, "मंत्री महोदय, हे सगळं आपल्याच उत्तरात आहे." शेवटी मंत्र्यांनी आश्वासन दिलं. दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायची सोय आणि बसायची मुभा, दोन्ही नियमात घालू, आणि तपासणी करू. मी टाळ्या वाजवल्या. गॅलरीत टाळ्या वाजवत नाहीत. सुरक्षारक्षक बाईने मला दंडाला धरून बाहेर काढलं आणि मी जिना उतरेपर्यंत वाजवत राहिले. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही मी इतकी खूश नव्हते.

पण ती अजून घरीच होती. ह्यांनी सभागृहात तिचं नाव घेतलं नाही, दिलेला शब्द पाळला. आता उरलेलं काम माझं होतं.

पुण्यातल्या निवृत्त शिक्षिकांकडे वेळ आणि शंका या दोन गोष्टी मुबलक असतात. मी आमचा ग्रुप गोळा केला आणि दुकानात गेले. शेठने अभिनंदनाच्या बातमीचं कात्रण फ्रेम करून दारातच लावलं होतं. "या ताई, या," त्याने हात जोडले.

"अभिनंदन, शेठ. आम्हाला साड्या घ्यायच्यात. ती वाशिमची मुलगी कुठे आहे?"

"ती जरा रजेवर आहे."

"असं का. मग आम्ही बसतो."

आम्ही बसलो. पैठणी बघितली, इरकल बघितली, काठ बघितले, पदर बघितले, रंग जाईल का विचारलं, सरबत प्यायलं आणि उठताना सांगितलं, "छान आहेत. ती आली की घेऊ." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या शाळेच्या बाई गेल्या. त्यानंतर माझ्या बहिणीचं भजनी मंडळ. प्रत्येकीने तेच विचारलं, फार गोड आवाजात. ऐन लग्नसराईत सगळी गादी शिक्षिकांनी अडवलेली, घडी मोडलेल्या साड्यांचा ढीग, आणि खात्याचा माणूस तपासणीला कधीही येईल अशी धास्ती. शेठ मूर्ख नव्हता. एक दिवस तिचा मला फोन आला.

"काकू, बोलावलं त्यांनी. उद्यापासून."

"आणि स्टूल?"

"म्हणाले, स्टूल आहेच."   काढून टाकलं तेव्हा न रडलेली ती आता रडत होती.

त्यानंतर काही दिवसांनी हे मला म्हणाले, चल, एकदा बघून येऊ. आम्ही दुकानात शिरलो. आमदार आला म्हटल्यावर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. शेठ गल्ला सोडून धावत आला. काउंटरमागच्या बायका सवयीने ताडकन उठल्या. सरबत देणारा ट्रे घेऊन ताठ झाला, गिऱ्हाइकं कोण आलं म्हणून अर्धवट उठली. ती तेवढी बसलेली होती. लाल स्टुलावर, मांडीवर जांभळी इरकल पसरून ती नवरीच्या आईला काठ दाखवत होती. तिने आम्हाला पाहिलं. शेठने मागून तिला डोळ्यांनी खूण केली, ऊठ. ती खूण मला दिसली, ह्यांना दिसली आणि तिलाही दिसली. 

"नमस्कार सर," ती म्हणाली. "बसा ना. हे गिऱ्हाईक झालं की बोलते." आणि बसल्या जागेवरून हात लांब करून तिने नवरीच्या आईसमोर पदर उलगडला.